कुंदाचा ढगळ ब्लाऊज

कुंदे, तुझ्या तेराव्याला मला कोणी दुखवटा आणला नाही. तुझ्या सुनेला तिच्या माहेराहून साडी आली, तुझ्या वहिनीला तिच्या भावानं आणली, तुझ्या मुलाला टॉवेल-टोपी मिळाली. मी पडवीत बसून पत्रावळी पुसल्या, वाढायला हात लावला, गोडाचा घास खाल्ला आणि साडेतीनच्या एसटीनं श्रीवर्धनहून बोर्लीला परत आले. मैत्रिणीला दुखवटा आणायची रीत नाही आपल्यात, त्यात कोणाची चूक नाही. पण एसटीत खिडकीशी बसल्यावर वाटलं, निदान कोणी एकानं विचारायचं होतं, शालन, तुझं काय गेलं म्हणून.

कोणी विचारलं नाही म्हणून आता तुलाच लिहिते आहे. दुकानातल्या मापाच्या वहीत मागची पानं कोरी होती, त्यावर. गिऱ्हाईक येऊन जाऊन आहे, त्यामुळे मध्येच थांबेन. तू कुठं चाललीयेस आता.

चाळीस वर्षांपूर्वी श्रीवर्धनच्या शिवणवर्गात आपल्या दोघींना मिळून एक मशीन होतं. तुझी शिवण कायम वाकडी. बाई म्हणायच्या, कुंदा, ही शिवण आहे की दांड्याचा नागमोडी रस्ता. पण कापड अंगावर ठेवून टाचण्या लावायच्या तर तुझ्यासारखा हात कोणाचा नव्हता. मी शिकून बोर्लीत दुकान टाकलं. तू नवरा गेल्यावर मुलाला घेऊन मुंबईला गेलीस, एक्स्पोर्टच्या कंपनीत दोरे कापायला लागलीस, आणि तिथून कशी काय ती फॅशन शोमध्ये जाऊन पोचलीस. ड्रेसर. गावात सगळ्यांना वाटायचं तू नट्यांबरोबर असतेस. मला विचारायचे, मी सांगायचे, व्हय, रोज त्यांच्याबरोबर जेवते.

खरं काय ते मला ठाऊक होतं. काळे कपडे घालून पडद्यामागं उभं राहायचं. पोरगी रॅम्पवरून धावत आत आली की तिच्या अंगावरचा एक ड्रेस उतरवायचा आणि दुसरा चढवायचा, तोही चाळीस सेकंदांत. चपलांचे तळवे झिजू नयेत म्हणून चिकटपट्टी लावायची, कारण शो संपला की चपला परत जायच्या. दातात टाचण्या, मनगटावर टाचण्यांची उशी. पंचवीस-तीस वर्षं तू रॅम्पच्या मागं काढलीस आणि एकही शो पुढून बघितला नाहीस. तुला ते सांगितलं की तू म्हणायचीस, "स्वयंपाकीण कदी पंगतीत बसते का गो."

मग तो रोग आला आणि तुझे शो बंद पडले. तू भावाकडं श्रीवर्धनला आलीस, आणि त्या जूनमध्ये वादळानं निम्मी वाडी झोपवली. तुझा भाऊ राखतो ती सुपारीची वाडी. मधोमध झाडांची एक रांगच्या रांग आडवी झाली. तुझा भाऊ डोकं धरून पडवीत बसला. तू मात्र पडलेल्या झाडांच्या मधून चालत गेलीस आणि परत येऊन म्हणालीस, "उजेड चांगला येतोय आता हितं." वहिनी तुझ्याशी दोन दिवस बोलली नव्हती, आठवतं का.

त्या थंडीत तुझ्या डिझायनर मॅडमनी फोनवरचा शो केला. तिकडं श्रीवर्धनला रेंज धड नव्हती म्हणून तू माझ्या दुकानात आलीस. दिल्लीतली पोरगी तिच्या खोलीत एकटी, ड्रेस कुरियरनं आलेला, नेसवायला कोणी नाही. तू फोन पाण्याच्या माठाला टेकवलास आणि मला समोर उभी केलीस. माझ्या ह्या अंगाला, ज्याला कमरेचा पत्ता नाही, तू पाच मीटर कापड गुंडाळत होतीस आणि फोनकडं बघून ओरडत होतीस, "बेटा, इधर देख, इसको ऐसे खोचने का, पेट अंदर मत ले, सांस ले." ती दिल्लीची पोरगी माझ्याकडं बघून बघून नेसली. बाहेर दळणाची पिशवी घेऊन गिरणीला निघालेली बाई हसून हसून ओट्यावर बसली. तेवढी मी आयुष्यात परत कधी हसले नाही. ते वर्ष सगळ्यांना वाईट गेलं, मला मात्र तू मिळालीस. हे बोलायची सोय नव्हती, म्हणून बोलले नाही.

पुढं सगळं सुरू झालं, पण तुझं काम पहिल्यासारखं सुरू झालं नाही. तू मुंबईला चार दिवस जायचीस आणि परत यायचीस. माझ्या दुकानात बसून सांगायचीस की आता एका पोरीला एकच ड्रेस असतो. घालायचा, चालायचा, घरी जायचं. समोर खुर्च्या थोड्या, बाकीचं जग फोनवर बघतं. बदलायचंच नाही तर ड्रेसर कशाला. वीसजणी होतात तिथं चौघी राहिलात. आणि हे सगळं तू अशा तोंडानं सांगायचीस की जणू घरात लग्न निघालंय.

"तुझ्या पोटावर पाय आला ना त्यात," मी म्हणायची, "आणि तूच गुण गातेस?"

"माझं काम गेलं, पन पोरी जेवायला लागल्या गो. पयले शोच्या दिवशी काकडीवर ऱ्हायच्या. नेसवताना फासळ्या लागायच्या हाताला माझ्या. आता नाडीच्या विजारी हायत, सपाट चपला हायत. जाड्या चालतात, पिकल्या केसांच्या चालतात. घरातल्या जुन्या साड्यांचे झगे करतात. दोन वर्षं मानसं गाऊनवर ऱ्हायली, आता चेनमधी कोन कोंबतंय सोताला."

मला ते पटायचं नाही. कारण तेच खूळ माझ्या दुकानात शिरलं होतं. ज्या बायकांना मी वीस वर्षं अंगासरशी ब्लाऊज दिले त्या म्हणायला लागल्या, "मावशी, जरा सैल ठेवा, आता आवळून घ्यायची सवय नाय ऱ्हायली." माझी सगळी विद्या फिटिंगची. श्रीवर्धनपासून म्हसळ्यापर्यंत बायका माझ्याकडं येतात त्या फिटिंगसाठी. सैलच शिवायचं तर पोत्यालाही दोन भोकं पाडता येतात. मी तुला म्हटलं होतं, ही चार दिवसांची हौस आहे, जाईल. आणि त्या म्हाताऱ्या चालवतात ना, त्यांना म्हातारी दाखवायची असते, बघायची नसते. तू चिडलीस. म्हणालीस, तू एक तरी शो बघितलास का, मग बोल.

तो वाद आपला कधी मिटला नाही. चहाचे कप बदलत गेले, वाद तोच.

गेल्या पौषात तू आलीस. मॅडमना शो करायचा होता, तोही तुमच्या वाडीत, वादळानं पाडलेल्या त्या रांगेच्या जागेत. मुंबईतलं मोठं हॉटेल नको, दिव्यांचा लखलखाट नको. आठजणी चालणार, त्यातल्या चार गावातल्या. आणि त्या चारात तू. आईचं लुगडं नेसून, आपल्या पद्धतीनं, गुडघ्याखाली चार बोटं.

मी हसले. मला माफ कर, पण मी आधी हसले. "तू? रॅम्पवर?"

"व्हय. पन ब्लाऊज तू शिवायचास. त्यांच्या मास्तरला म्या न्हाय म्हनून सांगितलंय."

आता इथपासून मला एक एक गोष्ट लख्ख आठवते. तू मशीनसमोर उभी राहिलीस. अंगात स्वेटर, त्यावरून पदर दोन्ही खांद्यांवर ओढलेला. थंडी होती, मला काही वाटलं नाही. तू दोन्ही हात अंगापासून थोडे लांब धरलेस, माप देताना धरतात तसे, आणि म्हणालीस, "टेप काढ गो शाले."

मी एका गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजला हुक लावत होते. मान वर केली नाही. म्हटलं, "तुझं माप मला पाठ आहे. चहा घे."

"एकदा घेऊन तर बग."

"कशाला? म्हातारपणी काय वाढणारेस?"

तू हात खाली केलेस. चहा प्यालीस, वाडीच्या सारवणाचं बोललीस, आणि चारच्या गाडीनं गेलीस.

आमच्यासारख्या दुकानांत हे असंच चालतं. गिऱ्हाईक मापाचा जुना ब्लाऊज देतं, आम्ही त्यावरून कापतो. नेहमीच्या बायकांची खाकी कागदाची कटिंग खिळ्याला टांगलेली असते. तुझी कटिंग वीसेक वर्षांची. गणपतीला तू यायच्या आधी दोन ब्लाऊज तयार असायचे, माप न घेता, आणि कधी बोटभर इकडंतिकडं झालं नाही. मला त्याचा केवढा तोरा होता. बायकांना सांगायची, कुंदा मुंबईत असली तरी तिचं अंग माझ्या खिळ्यावर आहे. त्याच कटिंगवर मी तुझा ब्लाऊज कापला. गडद मोरपंखी खणाचा, बाहीला काठ. हातशिलाई स्वतः केली, दुकानातल्या पोरींना हात लावू दिला नाही. माझ्या मनानं ते माझं तुझ्यावरचं प्रेम होतं.

शोच्या दिवशी मी दुसऱ्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. चाळीसभर खुर्च्या, सगळ्यांच्या हातात फोन. वहिनीनं आणि शेजारणींनी पहाटेपासून ती वाट शेणानं सारवली होती, दोन्ही अंगांना नवी लावलेली सुपारीची रोपं. चारचं ऊन तिरपं येत होतं. उजेड चांगला येतो हे तुझं खरं होतं. आधी मुंबईच्या पोरी आल्या, अनवाणी, सैल झगे घालून. त्या मला आवडल्या, हेही आता कबूल करते. सहाव्या नंबरला तू आलीस. तुला चालायला कोणी शिकवलं नव्हतं. मच्छीबाजाराला निघाल्यासारखी आलीस, सरळ, कोणाकडं न बघता. माणसांचे फोन एकदम वर गेले.

आणि मी काय बघितलं? ब्लाऊज. उजवा खांदा घसरलेला, पाठीत कापड गोळा झालेलं, बाहीत तुझा हात काठीसारखा हलत होता. डाव्या कोपरानं तू बगलेतलं ढिलं दाबून धरलं होतंस. माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. एवढ्या लोकांसमोर, एवढ्या फोनांसमोर माझ्या फिटिंगचं वाटोळं. कुंदे, तू आयुष्यात पहिल्यांदा पडद्याच्या पुढं आलीस आणि मला माझ्या नावाची पडली होती. तुझ्या तोंडाकडं मी बघितलंच नाही. तू हसत होतीस की नाही, हेसुद्धा मला तेव्हा कळलं नव्हतं.

शो संपल्यावर तू माझ्याकडं आलीस. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "काय गं हे? डाएट केलंस काय मॉडेलीण व्हायला? जरा सांगायचं तरी. माझी अब्रू घालवलीस." बायका हसल्या. तूही हसलीस. मग हळू म्हणालीस, "टेप काढ म्हनले व्हते ना."

मी न जेवता एसटी पकडली. तीन आठवडे तुला फोन केला नाही. शेवटी तूच केलास, मुंबईहून, मुलाकडून. आवाज बारीक होता. मी विचारलं, काय गं, बरी आहेस ना? तू म्हणालीस, दमले जरा. मी म्हटलं, दमशील नाहीतर काय, ह्या वयात रॅम्पवर नाचायला कोणी सांगितलं होतं. हे आपलं शेवटचं धड बोलणं. त्यानंतर एकदा फोन लावला तर मुलानं उचलला, म्हणाला, आई झोपलीये मावशी. त्याच्या पुढच्या आठवड्यात वहिनीचा फोन आला.

तेराव्याला पत्रावळी पुसता पुसता वहिनीनं सांगितलं की तुला दिवाळीपासून माहीत होतं. दुखणं आता बरं होणारं नाही, असं डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं. बाहेर कोणाला बोलायचं नाही अशी तू घरच्यांना शपथ घातली होतीस. म्हणजे माझ्या दुकानात हात लांब करून उभी राहिलीस तेव्हा तुला माहीत होतं.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात हे एकच चाललंय. तुला तोंडानं सांगता येत नव्हतं म्हणून टेपनं मला कळावं, असं होतं का ते? मी छातीचं माप घेतलं असतं आणि आकडा बघून थबकले असते. मग तुला काही सांगावं लागलं नसतं. तीस वर्षं तू दुसऱ्यांच्या फासळ्या हातानं ओळखल्यास, तुझ्या ओळखायला एक बाई हवी होती, ती मी होते, आणि मी हुक लावत बसले. की तसलं काही नव्हतं, नुसता ब्लाऊज नीट बसावा एवढंच तुला हवं होतं? आता कोणाला विचारू?

आणि मला तुझाही राग येतो, सांगून ठेवते. शपथ वहिनीला घातलीस, मला घालायची होतीस. मी गप्प बसले असते. माझ्या तोंडाला कुलूप नाही हे खरं, पण तुझ्यासाठी लावलं असतं. तुझ्याशेजारी नुसतं बसले असते तरी चाललं असतं. तू मला भांडायला ठेवलंस आणि आजारपणाला नाही ठेवलंस.

ह्या सोमवारी म्हसळ्याहून कॉलेजातली एक पोरगी आली. फोन पुढं केला, म्हणाली, "मावशी, असा ब्लाऊज शिवाल? ढगळ, एक खांदा उतरलेला. सगळीकडं हाच चाललाय." फोनवर तू होतीस. सारवलेल्या वाटेवरून येत होतीस. पूर्वी शो पंधरा मिनिटांत संपायचा आणि बघणारे सोडून कोणाला दिसायचा नाही, असं तूच सांगायचीस. आता तो संपतच नाही. कोणीही, कुठंही, अंगठ्यानं पुन्हा सुरू करतं. पोरगी म्हणत होती, ह्या आजीचा ॲटिट्यूड बघा ना. खाली लोकांनी लिहिलं होतं, काय सुंदर ढिलेपणा, किती सहज, हीच खरी फॅशन. पोरीनं चित्र बोटांनी मोठं करून मला खांदा दाखवला. घसरलेल्या काठाखाली तुझं हाड वर आलेलं. मी म्हटलं, मी असलं शिवत नाही. ती गेली. बुधवारी आणखी दोघी आल्या, त्यांनाही नाही म्हटलं.

मात्र त्या पोरीच्या फोनवर मी तुझं तोंड बघितलं. तू हसत नव्हतीस. पण तुझं सगळं अंग असं निवांत होतं, बाजारातली पाटी रिकामी करून घरी निघाल्यासारखं. त्या वादात मी हरले, कुंदे. त्यांनी तुला दाखवलं, आणि बघणाऱ्यांनी बघितलंही, आपल्या परीनं. बघितलं नाही ते मी.

आज सकाळी तुझ्या मॅडमचा फोन आला. तुझ्याविषयी बोलल्या, नीट, मायेनं. तू गेलीस एवढं त्यांना कळलं होतं, कशानं ते तुझ्या मुलानं सांगितलं नव्हतं. मग म्हणाल्या, शालनताई, पुढच्या वेळी सगळे ब्लाऊज तसेच करायचेत, त्या कटला कुंदाताईंचं नाव देणार आहे, तुमची कटिंग द्याल का? ढगळपणा किती ठेवलात, ते आमच्या मास्तरांना काही केल्या जमत नाहीये. म्हणाल्या, मी तर शोच्या आधी मागून पिना लावायला गेले होते, पण कुंदाताईंनी माझा हात धरून सांगितलं, नको, माझ्या मैत्रिणीनं शिवलाय, तिचं माप कदी चुकत न्हाय.

मी मशीनवर हात ठेवून उभी राहिले. बाहेर रिक्षावाले भांडत होते. मला वाटलं आता फोन ठेवावा, सांगावं की कटिंग सापडत नाही. पण मग आयुष्यभर पोरी माझ्यापुढं तो खांदा धरून येत राहतील आणि मी नाही नाही म्हणत राहीन.

मी म्हटलं, "मॅडम, तो ढगळ नव्हता हो. तो कुंदाच्या अंगासरसा शिवलेला होता. अंगच राहिलं नव्हतं तिचं. ती मला टेप काढ म्हणाली आणि मी काढली नाही."

पलीकडून हुंदका ऐकू आला, त्या रडत होत्या. मी खुर्चीवर बसले, फोन कानालाच ठेवला. तू गेल्यापासून, कुंदे, पहिल्यांदा माझ्याबरोबर कोणीतरी रडलं.